लोकमान्यांचा मधुमेह आणि सिंहगडाची हवा

मुलगा कॉलेजात गेला, वर्षभर पुस्तके बाजूला ठेवून आखाड्यात आणि नदीत रमला आणि वर्षाच्या शेवटी नापास झाला, असे आज परभणीतल्या एखाद्या घरात घडले तर त्या घरात दोन दिवस कोणी कोणाशी बोलणार नाही. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात एका विद्यार्थ्याने नेमके हेच केले, आणि तेही ठरवून. त्याचे नाव बळवंत गंगाधर टिळक.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, रत्नागिरीचा. वडील गंगाधरपंत शिक्षक. त्यांची बदली झाली तेव्हा दहा वर्षांचा मुलगा पुण्यात आला. लवकरच आई गेली आणि १८७२ मध्ये, मॅट्रिकच्याच वर्षी, वडीलही गेले. त्याआधी लग्न झालेले होते. कॉलेजात आला तेव्हा हा मुलगा बुद्धीने तल्लख, पण अंगाने किरकोळ होता. नवऱ्यापेक्षा नवरीच धडधाकट दिसते ही थट्टा त्याच्या मनाला लागली, असे सांगतात. कारण काहीही असो, पहिले वर्ष शरीर कमावण्यात घालवायचे असे त्याने ठरवले. डेक्कन कॉलेज तेव्हा गावाबाहेर, मुळा-मुठेच्या काठी होते. सकाळी तालीम, कुस्ती, मग नदीत पोहणे, होडी वल्हवणे आणि भरपूर खाणे. परीक्षेत तो नापास झाला. पण वर्षअखेरीस शरीर असे तयार झाले की पुढच्या पन्नास वर्षांच्या हालअपेष्टा त्याने सोसल्या. गेलेले वर्ष त्याला महागात पडले नाही. १८७६ मध्ये तो पहिल्या वर्गात बी. ए. झाला आणि १८७९ मध्ये कायद्याची पदवीही मिळाली.

आज वैद्यकशास्त्र त्या नापास वर्षाकडे जरा वेगळ्या नजरेने पाहते. जेवणानंतर रक्तात आलेली साखर साठवण्याचे शरीरातले सर्वात मोठे कोठार म्हणजे स्नायू. हे कोठार तरुणपणी जेवढे मोठे बांधावे तेवढे उतारवयात उपयोगी पडते. हाडांचेही तसेच. हाडांची घट्टी साधारण तिशीपर्यंत वाढते, नंतर आहे ते राखायचे असते. अठराव्या वर्षी बारा-बारा तास खुर्चीत बसून अभ्यास करणारी आजची मुले मार्कांची शिल्लक वाढवतात, या दुसऱ्या शिल्लकीचा हिशेब मात्र घरात कोणी विचारत नाही. टिळकांना इन्शुलिन, स्नायू, साखर यांचा परस्परसंबंध माहीत असण्याचे कारण नव्हते. तो त्या काळी डॉक्टरांनाही माहीत नव्हता.

कॉलेजनंतर त्यांना श्वास घ्यायला फुरसत मिळाली नाही. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ मध्ये केसरी आणि मराठा. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली आगरकरांसह डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. बाहेर आले तेव्हा दोघांची वजने बरीच उतरली होती. टिळक तेव्हा सव्वीस वर्षांचे होते, त्यामुळे शरीर लवकर सावरले. १८९७ चा तुरुंगवास तसा नव्हता.

त्या वर्षी पुण्यात प्लेग होता. शहरातले अनेक पुढारी गाव सोडून गेले, टिळक गेले नाहीत. त्यांनी हिंदू रुग्णांसाठी प्लेगचे वेगळे रुग्णालय उभारण्यात पुढाकार घेतला, तिथे ते स्वतः जात आणि लोकांच्या अडचणी पाहत. प्लेगचा जंतू उंदरावरच्या पिसवांतून माणसात येतो हे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवले. त्याआधी हे कोणाला नीट ठाऊक नव्हते. तरीही दख्खनच्या गावागावांत लोकांनी एक उपाय शोधून काढला होता. घरात उंदीर मरून पडू लागले की गाव रिकामे करून शेतात, माळावर झोपड्या घालून राहायचे. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात या झोपड्या कालपरवापर्यंत होत्या. हा उपाय बरोबर होता, त्यामागची कारणे मात्र चुकीची समजली जात. शेतातली हवा प्लेग मारत नव्हती. आपण उंदरांपासून आणि पिसवांपासून लांब जात होतो. मोकळ्या हवेचा फायदा सांगताना हा भेद लक्षात ठेवावा लागतो, कारण निसर्गाच्या नावाखाली आजही बरेच काही खपवले जाते. टिळकांच्या घराला पुढे प्लेगने मोठा घाव घातला. १९०३ मध्ये त्यांचा थोरला मुलगा विश्वनाथ प्लेगनेच गेला.

१८९७ च्या सप्टेंबरात राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. मुंबईच्या तुरुंगातले अन्न त्यांना मानवले नाही आणि वजन झपाट्याने घटले. सुपारीची त्यांना मोठी सवय होती, ती तिथे सुटली. आजचा डॉक्टर हे वाचून समाधान मानेल, कारण सुपारी तोंडाच्या कर्करोगाला थेट कारण ठरते हे आता सिद्ध झाले आहे आणि आपल्याकडे अजूनही तोंडात सुपारी असलेले रुग्ण मधुमेहाच्या तपासणीच्या रांगेत उभे असतात. मॅक्समुल्लरसारख्या विद्वानांनी केलेल्या विनंतीनंतर ६ सप्टेंबर १८९८ रोजी, मुदतीच्या आधी, टिळकांची सुटका झाली. बेचाळीस वर्षांचा हा गृहस्थ तुरुंगातून बाहेर पडला तेव्हा खंगलेला होता. त्याने केले काय, तर प्रकृती सुधारण्यासाठी सिंहगड गाठला.

सिंहगडावर टिळकांचा बंगला होता. उन्हाळ्यात आणि कामाचा ताण वाढला की ते तिथे जात. गड समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंच आहे आणि पुणे शहरापेक्षा सुमारे सातशे मीटर. उंची हजार मीटरने वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते, म्हणजे पुण्यात चाळीस अंश असेल तेव्हा गडावर ते चार-पाच अंशांनी कमी असणार. त्या काळी वर मोटार जात नव्हती. पायी चढायचे, नाही तर डोलीत बसायचे. गडावर पोहोचल्यावर देवटाक्याचे गार पाणी, मोकळा वारा आणि संध्याकाळी सातनंतर अंधार. दिवसभर येणारी माणसे, तारा, कोर्टाची कागदपत्रे हे सगळे खाली राहिले. १९२० च्या उन्हाळ्यात गांधीजीही विश्रांतीसाठी काही दिवस याच गडावर राहून गेले आणि तिथल्या हवापाण्याची त्यांनी तारीफ केली.

हवापालट हा शब्द आता जुन्या कादंबऱ्यांतच भेटतो. तेव्हा तो डॉक्टरांच्या चिठ्ठीत असे. क्षयावर औषध नव्हते, मधुमेहावर नव्हते, न्यूमोनियावर नव्हते. मग डॉक्टर दूध, विश्रांती आणि चांगली हवा लिहून देत. पाचगणीची आरोग्यधामे याच विचारातून उभी राहिली. औषधे आली आणि चिठ्ठीतून हवा गेली. त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही, कारण क्षयाचा रुग्ण हवेने नव्हे तर औषधाने बरा होतो. मात्र औषधाबरोबर हवाही चिठ्ठीत राहिली असती तर बिघडले नसते.

सिंहगडावर टिळक नुसते पडून राहत नसत. तुरुंगात त्यांनी ऋग्वेद वाचला होता. वेदकालाविषयीचे त्यांचे पहिले पुस्तक मृगनक्षत्रावर उभे होते, ते १८९३ मध्ये निघाले. आर्यांचे मूळ वसतिस्थान उत्तर ध्रुवाजवळ असावे असे मांडणारे दुसरे पुस्तक त्यांनी १८९८ च्या अखेरीस लिहिले, ते १९०३ मध्ये छापले गेले. त्यांचे सिद्धांत आज विद्वान मानत नाहीत, तो वेगळा विषय. डॉक्टरच्या दृष्टीने लक्षात घेण्यासारखे हे की, जो माणूस खाली दिवसाला दहा भांडणे लढत होता त्याचे डोके गडावर आकाश, नक्षत्रे आणि ऋचा यांत गुंतत असे. मेंदूला विश्रांती म्हणजे रिकामे बसणे नव्हे. खटल्याच्या कागदातून उठून नक्षत्राकडे पाहणे हीसुद्धा विश्रांतीच असते. झाडे, पाणी, उघडे आकाश यांच्याकडे लक्ष द्यावे लागत नाही, ते आपोआप जाते, आणि सतत ओढून ताणून लावलेले लक्ष तेवढा वेळ सैल होते, असे मानसशास्त्राचे अभ्यासक सांगतात. दोन महिन्यांत प्रकृती ताळ्यावर आणून टिळक त्याच डिसेंबरात मद्रासच्या काँग्रेसला गेले आणि तिथून लंकेला.

मधुमेह त्यांना नेमका कोणत्या दिवशी जडला हे महत्त्वाचे नाही. त्याची सुरुवात अशीच नकळत होते. १९०८ मध्ये त्यांच्यावर दुसरा राजद्रोहाचा खटला झाला तेव्हा ते बावन्न वर्षांचे होते आणि मधुमेही होते. त्या काळात मधुमेहाचे निदान लघवीवरून होई. लघवीत निळे द्रावण घालून तापवायचे, रंग हिरवा, पिवळा, विटकरी झाला की साखर आहे. त्याआधी कित्येक शतके आपल्या वैद्यांनी हेच निदान लघवीला लागलेल्या मुंग्यांवरून केले होते. उपचार म्हणाल तर फक्त पथ्य. अमेरिकेत तर १९१० नंतर रोग्याला जवळजवळ उपाशी ठेवण्याची पद्धत आली, आणि तिने माणसे थोडी जास्त जगत, पण हाडांचा सापळा होऊन. सुश्रुताने मात्र प्रमेहाच्या गरीब रुग्णाला वेगळाच सल्ला दिलेला आहे. पायात काही न घालता शंभर योजने चालावे, गाईंच्या मागे रानात हिंडावे, नाही तर विहीर खणावी. अनवाणी चालण्याचा भाग सोडला तर आजच्या डॉक्टरला यात खोडण्यासारखे फारसे नाही.

चालताना स्नायू आकुंचन पावतो तेव्हा तो रक्तातली साखर स्वतःच आत ओढून घेतो, त्यासाठी इन्शुलिनची वाट पाहत नाही. टाईप २ मधुमेहात नेमके इन्शुलिनचे काम मंदावलेले असते, म्हणून चालणे हा मागच्या दाराने साखर आत घेण्याचा मार्ग ठरतो. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालले तरी साखरेची उसळी खाली येते. चेन्नईच्या डॉक्टरांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या भारतीयांचा तीन वर्षे अभ्यास केला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. चालणे आणि आहार एवढ्यावरच मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाले. चालणे डोंगरावर असो की गच्चीवर, स्नायूला फरक कळत नाही. फरक पडतो तो माणूस ते रोज करतो की नाही यात. झाडीतून जाणारा रस्ता असेल तर माणूस पुन्हा जातो, गच्चीवर चौथ्या दिवशी कंटाळतो.

२२ जुलै १९०८ च्या रात्री टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली गेली. दुसऱ्या दिवशी त्यांचा बावन्नावा वाढदिवस होता. वय आणि प्रकृती पाहून पुढे ती साध्या कैदेत बदलली गेली. आधी साबरमती, मग ब्रह्मदेशातले मंडाले. मंडाल्याचा उन्हाळा परभणीच्या मे महिन्याच्या तोडीचा, हिवाळ्यात थंडी आणि मध्ये कोंदट पावसाळा. कोठडी लाकडी फळ्यांची, फळ्यांमध्ये फटी. त्या फटींतून उन्हाळ्यात झळा आणि धूळ, हिवाळ्यात बोचरा वारा. १९२५ मध्ये त्याच तुरुंगात ठेवलेल्या सुभाषबाबूंना, या जागेत आजारी, उतारवयाच्या माणसाने सहा वर्षे कशी काढली असतील, याचे नवल वाटले होते. सिंहगडावर ज्या वाऱ्याने प्रकृती सुधारली तोच वारा इथे शत्रू झाला. हवा चांगली की वाईट हे हवेवर जेवढे अवलंबून असते तेवढेच माणसाला तिच्यातून उठून जायची मोकळीक आहे की नाही यावरही असते.

टिळकांनी तिथे दोन गोष्टी सांभाळल्या. पहिली पथ्य. तांदूळ आणि गहू टाळून त्यांनी जवाच्या पिठावर भर दिला. जवात एक चिकट तंतू असतो, तो पोटात गोळ्यासारखा फुगतो आणि साखर रक्तात हळूहळू सोडतो. त्यामुळे आहारतज्ज्ञ आजही जव सुचवतात, आणि ज्वारी खाणाऱ्या मराठवाड्याला हे सांगणे सोपे जावे, कारण पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा आणि मैद्यापेक्षा ज्वारीची भाकरीही बरीच बरी. दुसरी गोष्ट दिनक्रम. वाचन, लेखन, जप, जेवण आणि झोप यांच्या वेळा त्यांनी ठरवून घेतल्या. चारशेच्या आसपास पुस्तके जवळ होती. जर्मन, फ्रेंच, पाली शिकणे चालू होते. सुटे कागद द्यायची परवानगी नव्हती, म्हणून बांधलेल्या वह्यांत पेन्सिलीने, १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी गीतारहस्य लिहून काढले. १९१२ च्या जूनमध्ये पुण्यात सत्यभामाबाई वारल्या. बातमी त्यांना कोठडीत कळली.

भिंतीतून काय दिसते याने रुग्णाला फरक पडतो का, हा प्रश्न विज्ञानाने फार उशिरा विचारला. अमेरिकेतल्या रॉजर उल्रिच यांनी १९८४ मध्ये पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या २३ जोड्या तपासल्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडे दिसत होती, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे पाहणारे रुग्ण सरासरी पाऊण दिवस लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. अभ्यास छोटा आहे, त्यावर टीकाही झाली आहे. तरीही वॉर्डात बसणाऱ्याला त्यात नवल वाटू नये. आपल्या दवाखान्यांत खिडकीजवळच्या खाटेसाठी रुग्णांचे नातेवाईक का भांडतात हे कोणत्याही सिस्टरला विचारावे.

दुसरा अभ्यास मोठा आहे. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांची माहिती तपासली गेली. आठवड्याला एकूण दोन तास किंवा जास्त वेळ बागेत, रानात, नदीकाठी घालवणाऱ्यांनी आपली प्रकृती चांगली असल्याचे जास्त प्रमाणात सांगितले. दोन तास एकदम असोत की तुकड्यातुकड्यांनी, फरक पडला नाही. यात एक मेख आहे. ज्यांची प्रकृती मुळात बरी असते तेच जास्त बाहेर पडतात, त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता हे अशा अभ्यासातून पक्के कळत नाही. तरी दोन तास हा आकडा घरात सांगायला सोपा आहे. रोज वीस मिनिटेही भरत नाहीत.

परभणीला सिंहगड नाही. जिंतूरजवळ नेमगिरीचे डोंगर आहेत, येलदरीचा जलाशय आहे, गंगाखेडला गोदावरीचा काठ आहे. शहरात कृषी विद्यापीठाच्या परिसरातली झाडी आहे. १९७२ मध्ये विद्यापीठ झाले तेव्हा ते शेतकऱ्यांसाठी झाले, पण एवढ्या हिरवाईचा परभणीकरांच्या फुप्फुसांना आणि गुडघ्यांनाही आधार झाला. अडचण जागेची कमी आणि वेळेची जास्त आहे. एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेआठनंतर इथे बाहेर चालणे हा व्यायाम नसून धोका आहे. त्या दोन महिन्यांत सूर्योदयाच्या आधी निघावे, नाही तर संध्याकाळी सातनंतर. उष्माघाताने आजारी होणाऱ्यांत मधुमेही आणि बीपीच्या गोळ्या घेणारे जास्त असतात, कारण काही गोळ्यांनी अंगातले पाणी कमी होते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. परभणी जिल्ह्यातला कापूस वेचणारा मजूर आणि सोयाबीन काढणारी बाई दिवसभर निसर्गातच असतात. शहरातून हिरवळ शोधत येणाऱ्याचे दोन तास आणि यांचे दहा तास एका तराजूत घालता येत नाहीत. उन्हात, पाणी कमी पिऊन, फवारणीच्या वासात केलेले काम मूत्रपिंडाला आणि फुप्फुसाला जाच देते. त्या माणसाला निसर्गाचे फायदे सांगायचे नसतात, सावली, पाणी आणि दुपारची सुट्टी द्यायची असते. मधुमेह आता शेतातही आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे देशात दहा कोटींहून जास्त मधुमेही आहेत, त्यांत खेड्यातली माणसे कमी नाहीत. तीस वर्षांवरील प्रत्येकाची शुगर आणि बीपी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासली जाते. टिळकांच्या काळी जे निदान द्रावणाचा रंग बदलेपर्यंत थांबे ते आज बोटातल्या एका थेंबावर होते, तरी अनेक जण पायाची जखम चिघळल्यावरच पहिल्यांदा येतात.

आणि पायाची गोष्ट निघालीच आहे तर, सकाळी दवावर अनवाणी चालल्याने डोळ्यांचा नंबर जातो ही समजूत मधुमेह्याने सोडून द्यावी. नंबर जात नाही. पायाची संवेदना कमी झालेली असते, काटा रुतला तरी कळत नाही आणि आठ दिवसांनी पाय काळा पडलेला दिसतो. बंद बूट, सुती मोजे, घरी आल्यावर तळव्यांवर आरशातून एक नजर. इन्शुलिन किंवा काही गोळ्या घेणाऱ्याने खिशात दोन-चार खडीसाखरेचे खडे ठेवावेत. चालताना घाम फुटून हातपाय थरथरले, छाती धडधडली तर साखर उतरली आहे असे समजून आधी तोंडात खडा टाकावा आणि मग बसावे. चालणे सुरू केले म्हणून गोळी मनाने बंद करू नये. हे टिळकांच्या काळात कोणाला सांगावे लागत नव्हते, कारण बंद करायला गोळीच नव्हती.

१९१४ च्या जूनमध्ये टिळक सुटून पुण्यात आले. वय अठ्ठावन्नच्या घरात, केस पांढरे, शरीर थकलेले. आता सिंहगडावर वर्षातले चार महिने काढायला हवे होते, असे कोणताही डॉक्टर म्हणेल. ते घडले नाही. १९१५ मध्ये गीतारहस्य छापले, १९१६ मध्ये होमरूल लीग, त्याच वर्षी साठीचा सत्कार आणि त्याच सुमारास पुन्हा राजद्रोहाची नोटीस. बेळगाव, लखनौ, वऱ्हाड अशी भाषणे आणि आगगाडीचे प्रवास. १९१८ मध्ये विलायतेला, चिरोल या पत्रकारावर त्यांनी लावलेल्या बदनामीच्या दाव्यासाठी. तो दावा ते हरले आणि खर्चाचा डोंगर उभा राहिला. घरात ताईमहाराज प्रकरणाचा खटला १९०१ पासून चालूच होता. मधुमेहात ताण हा वेगळा रोगच असतो. मनाला धक्का बसला की शरीर साखर वाढवणारी द्रव्ये सोडते, आणि ती वर्षानुवर्षे सुटत राहिली तर पथ्याचा उपयोग अर्ध्यावर येतो. स्वतःच्या प्रकृतीला काय मानवते हे या माणसाला अठराव्या वर्षापासून पक्के माहीत होते आणि शेवटच्या सहा वर्षांत त्याने ते बाजूला ठेवले. देशाच्या दृष्टीने त्यांनी योग्य केले असेल. डॉक्टरच्या वहीत त्याची नोंद वेगळी होते.

१९२० च्या जुलैत ताईमहाराज प्रकरणाच्या सुनावणीसाठी टिळक मुंबईला गेले आणि सरदारगृहात उतरले. निकाल त्यांच्या बाजूने लागला. अंगात हिवतापाचा ताप होता. तशातच एका संध्याकाळी मोटारीतून फेरफटका मारताना गार वारा लागल्याचे निमित्त झाले आणि दुखणे बळावले. मुंबईचा भर पावसाळा होता. वारा हे लोकांनी दिलेले कारण, खरे कारण बहुधा हे की मधुमेहाने शरीराची जंतूंशी लढण्याची ताकद कमी झालेली होती. न्यूमोनिया झाला, हृदय थकले आणि १ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर चौसष्टाव्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला.

टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्शुलिन वेगळे काढले ते पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात. पहिल्या रुग्णाला, लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला, ते टोचले ते ११ जानेवारी १९२२ रोजी, टिळक गेल्यानंतर सतरा महिन्यांनी. टिळकांच्या वयात आणि त्यांच्या जातीच्या मधुमेहात इन्शुलिनशिवायही माणूस बरीच वर्षे काढतो, त्यामुळे इन्शुलिन असते तर ते वाचले असते असे म्हणता येत नाही. त्यांचा जीव शेवटी न्यूमोनियाने घेतला, आणि न्यूमोनियावर हमखास चालणारे पेनिसिलिन रुग्णांपर्यंत पोहोचायला आणखी वीस-बावीस वर्षे होती.